लाल गाडी आणि दोन वह्या



वाचक माउली, तुमच्या घरात हिशेबाची एखादी वही असेलच. दुधाची, किराण्याची, नाहीतर उसनवारीची. माझ्याकडे भाडेकरूंची वही आहे. त्या वहीवरून आणि एका लाल गाडीवरून माझ्या मनात जो प्रश्न उभा राहिला, तो आज तुमच्यापुढे ठेवतो. अडचण आली की आपण दोष कुणाच्या नावावर लिहितो? आणि लिहिलेला तो दोष किती वर्षे सांभाळून ठेवतो?

मी माणचा. मुळशी तालुक्यातले हे गाव हिंजवडीला लागून आहे. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस हिंजवडीत राजीव गांधी आयटी पार्क सुरू झाले आणि पुढच्या टप्प्यांत ते आमच्या शिवारात पसरले. शिवाजीनगरपर्यंतच्या सुमारे २३ किलोमीटरच्या मेट्रोचा मार्गही माणपासूनच सुरू होतो. आमचीही काही जमीन गेली. पैसे आले. त्या पैशांतून मी भाड्याच्या खोल्या बांधल्या आणि एक पांढरी जीप घेतली. मागच्या काचेवर मोठ्या अक्षरांत ‘माउली कृपा’ लिहून घेतले. ही जीप लक्षात असू द्या. तिच्याकडे पुन्हा यायचे आहे.

आमच्या वरच्या मजल्यावर बार्शीकडचा एक मुलगा राहतो. नाव सांगत नाही. वय ३४, घरात पत्नी आणि पाच वर्षांची मुलगी. वडील माळकरी. तो स्वतः एकदा आयटी दिंडीतून आळंदी ते पुणे चाललेला. तीन वर्षांपूर्वी त्याने कर्ज काढून एक स्पोर्ट्स कार घेतली. लाल, दोन दारांची, जमिनीला टेकून चालणारी. मागची सीट नावालाच. दहावीत असताना अशाच गाडीचे चित्र त्याने वहीच्या पुठ्ठ्यावर चिकटवले होते म्हणे. आमच्या रस्त्याला मात्र तिचा वेग कधी दिसला नाही. सकाळच्या गर्दीत ती टेम्पोच्या मागे टेम्पोच्याच चालीने जायची आणि प्रत्येक गतिरोधकावर तिचे पोट घासायचे.

जुलै २०२५ मध्ये टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने आपल्या एकूण कर्मचाऱ्यांपैकी सुमारे २ टक्के, म्हणजे १२ हजारांहून अधिक लोक कमी करण्याचे जाहीर केले. या मुलाची कंपनी वेगळी. पण भीतीला कंपनीचे नाव लागत नाही. काही आठवड्यांत त्याचे काम संपले आणि तो ‘बेंचवर’ आला. म्हणजे पगार चालू, काम नाही, आणि नवे काम कधी मिळेल हे कुणी सांगत नाही. नोकरी जाण्याआधीच त्याने गाडी विकायला काढली.

ही गोष्ट गावात कळायला वेळ लागला नाही. देवळाच्या पारावर आम्ही बसलो होतो. कुणी म्हणाले, या आयटीवाल्यांनीच भाव वाढवले. कुणी म्हणाले, बाहेरून आले आणि रस्ते भरून टाकले. मी म्हणालो, “हौसेला मोल नसतं, पण हप्ता असतो!” सगळे हसले. मीही हसलो. मग मागे वळून पाहिले, तर तो मुलगा मुलीचा हात धरून देवळात येत होता. तो एवढेच म्हणाला, “खरंय काका.”

माउली, गळ्यात माळ घालून मी हे बोललो.

गाडी न्यायला एजंट आला त्या दिवशी मी खाली उभा होतो. आलेली किंमत कर्जाला पुरली नाही. बँकेचा बोजा उतरवायला त्याला उरलेले पैसे साठवणीतून भरावे लागले. त्याने गाडीतून मुलीची एक चप्पल काढली, छत्री काढली. समोर चिकटवलेली विठोबाची छोटी मूर्ती हलकेच सोडवली आणि सदऱ्याच्या खिशात ठेवली. गाडी वळणावरून गेली तेव्हा मी त्याला धीर द्यायचा म्हणून म्हणालो, “मोठा त्याग केलास.”

तो म्हणाला, “त्याग कसला काका, भीती आहे. आणि राग. माझ्या मॅनेजरनं माझं नाव पुढे केलं नसतं, तर ही गाडी गेली नसती.”

मग खाली बघत त्याने विचारले, “दोन-तीन महिने भाडं मागेपुढे झालं तर चालेल का?”

मी म्हणालो, “बघू.”

त्या ‘बघू’ने मला रात्री झोपू दिले नाही. उठून दिवा लावला, भाड्याची वही उघडली, आणि मला नाथ महाराजांची कथा आठवली. तुम्ही ती कीर्तनात अनेकदा ऐकली आहे. देवगिरीवर गुरू जनार्दनस्वामींकडे हिशेबाचे काम करताना एका पैची चूक येत होती. नाथ रात्रभर जागून ती शोधत बसले, आणि सापडली तेव्हा आनंदाने टाळी वाजवली. स्वामी म्हणाले, एवढे चित्त भगवंताकडे लावलेस तर काय होईल! कथा इथे संपते. पण त्या रात्री मला तिच्यातली दुसरी गोष्ट दिसली. नाथ जी चूक शोधत होते, ती त्यांच्या स्वतःच्या हिशेबातली होती.

मग मीही माझ्या हिशेबात शोधले. ती पांढरी जीप आठवते ना? तीही मी हौसेनेच घेतली होती. चार वर्षांनी डिझेल, विमा आणि दुरुस्ती झेपेना, म्हणून मिळेल त्या किमतीला विकली. काचेवरची ‘माउली कृपा’ खरवडून काढताना मला लाज वाटली होती. पण पारावर कुणी मला हसले नाही. माझ्या जीपला गावाने प्रतिष्ठा म्हटले आणि त्याच्या गाडीला उधळपट्टी. जीपही मातीच्या पैशांची होती, गाडीही घामाच्या पैशांची. फरक एवढाच की मी गावचा होतो आणि तो बाहेरचा. माझी एका पैची चूक मला इथे सापडली.

आता थोडे लांब पाहू. नोकरी गेलेल्याला ‘तुझ्या चैनीची ही शिक्षा’ असे आपण सहज म्हणतो. हे खरे आहे का? तळेगावच्या जनरल मोटर्सच्या कारखान्यात डिसेंबर २०२० मध्ये उत्पादन थांबले. हजाराहून अधिक कामगारांपुढे उद्याचा प्रश्न उभा राहिला. हातांनी गाड्या जोडणाऱ्या त्या माणसांनी कुठे लाल गाड्या उडवल्या होत्या? लाल गाडीने हप्ता वाढतो, घर अडचणीत येते, हे खरे. ती चूक ज्याची त्याने मान्य करावी. पण काम जाते ते दूर कुठे घेतलेल्या निर्णयांनी. या दोन गोष्टी एकाच ओळीत लिहिल्या की हिशेब चुकतो.

आणि दोष फिरतो कसा, तेही पाहा. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेने नव्या एच-वन-बी व्हिसा अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क जाहीर केले. तिथल्या काम गेलेल्या माणसाला सांगितले जाते की तुझे काम हिंदुस्थानातल्या मुलाने नेले. इथे माणच्या पारावर आम्ही म्हणतो, आमची सोय बार्शीच्या मुलाने नेली. बार्शीचा मुलगा म्हणतो, माझी गाडी मॅनेजरने नेली. त्या मॅनेजरलाही वरून कुणीतरी यादी मागितली असेल. प्रत्येकाच्या वहीत शेजाऱ्याचे नाव आहे. या सगळ्या वह्या भरल्या, तरी त्यातून कुणाच्या चुलीवर भाकरी पडली आहे का?

इथे आपल्याला देहूला जावे लागते. माणपासून देहू काही लांब नाही.

इ.स. १६३० च्या सुमारास महाराष्ट्रात भयंकर दुष्काळ पडला. तुकोबारायांचे घर सधन होते. महाजनकी होती, दुकान होते, सावकारी होती. सगळे बुडाले. दिवाळे निघाले. पहिली पत्नी रखमाबाई अन्नावाचून गेल्या. त्यानंतर तुकोबाराय भामचंद्र डोंगरावर जाऊन बसले. त्या डोंगराच्या भोवती आज चाकणची औद्योगिक वसाहत पसरली आहे. धाकटे बंधू कान्होबा त्यांना शोधत आले. मग इंद्रायणीच्या काठी घरातली कर्जखते आणली गेली. तुकोबारायांनी त्यांचे दोन भाग केले. कान्होबांचा भाग कान्होबांना दिला आणि आपला भाग नदीत बुडवला.

विचार करा माउली. ज्याच्या घरातले माणूस उपाशी गेले, त्याला दोषी शोधायला जागा किती होती! ज्यांनी वेळेवर पैसे परत केले असते तर कदाचित घर तगले असते, अशा माणसांची नावे, रकमा, मुदती, सगळे कागदावर होते. एवढा पक्का पुरावा हातात असताना तो त्यांनी पाण्यात सोडला. कारण ज्यांच्याकडून येणे होते, तेही त्याच दुष्काळात होरपळले होते. हे ज्याला दिसते, त्याच्या हातून वही आपोआप सुटते.

मला वाटते, त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर इथे आहे. भीतीने विकलेली गाडी दारातून जाते, मनातून जात नाही. ती कुणाच्या तरी नावावर येणे म्हणून राहते: ‘त्याच्यामुळे माझी गाडी गेली.’ या येण्यावर व्याज चढत राहते आणि ते आपल्याच घरातली माणसे भरतात. गाडीच्या बदल्यात कुणाचेच नाव लिहून ठेवायचे नाही असे ज्या दिवशी ठरेल, त्या दिवशी गाडी खरी सुटली. तोच त्याग. मग सुरुवात भीतीने झाली असली तरी हरकत नाही.

इथे तुम्ही विचाराल, आणि विचारायलाच हवे: मग अन्याय करणारा मोकळाच सुटायचा का? सगळे पांडुरंगावर सोपवून गप्प बसायचे का?

तुकोबारायांनी काय केले ते पुन्हा नीट पाहा. त्यांनी फक्त आपला वाटा बुडवला. कान्होबांच्या कागदाला हात लावला नाही. क्षमा करण्याचा अधिकार आपल्यापुरता असतो. दुसऱ्याच्या वाट्याचे नुकसान आपण उदार होऊन माफ करू शकत नाही. साफसफाई करणारी बाई, कंत्राटावरचा ड्रायव्हर, वर्षापूर्वी रुजू झालेली मुलगी, यांचे घेणे माफ करणारे तुम्ही-आम्ही कोण? त्यांच्या हक्काचा पगार, भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी मागताना त्यांच्या बाजूला उभे राहणे हा द्वेष नव्हे. राग धरू नये; हक्काचा कागद मात्र जपून ठेवावा.

हे सगळे मी त्या मुलाशी बोललो. ‘बघू’ म्हणाल्याबद्दल आणि पारावरच्या शब्दांबद्दल आधी माफी मागितली. वहीत त्याच्या नावापुढे तीन महिने अर्धे भाडे लिहिले. उरलेले नोकरी स्थिर झाल्यावर. सगळे माफ करण्याएवढी माझी ऐपत नाही, खोल्यांच्या कर्जाचा हप्ता मलाही आहे, आणि खोटे मोठेपण नको. तो ऐकत होता. मॅनेजरविषयी काही बोलला नाही. पण दुसऱ्या दिवशी कळले की त्याच्या हाताखालच्या दोन नव्या मुलींना राजीनामा लिहून द्यायला सांगितले होते. सही करण्याआधी कामगार आयुक्तांच्या कार्यालयात विचारा, असे त्याने त्यांना सांगितले आणि त्यांच्याबरोबर गेलाही.

त्याची नोकरी आज आहे. उद्याचे मला माहीत नाही, त्यालाही नाही. सकाळी तो बसच्या रांगेत उभा असतो. एकादशीला पारावर आमच्याबरोबर बसतो. कुणी बाहेरच्यांविषयी बोलू लागले, तर आता मला गप्प राहता येत नाही.

रोटी घाट चढताना खांद्यावरच्या पिशवीत काय काय भरले आहे, ते कळते. घरी बसून कळत नाही. वाईट दिवस हाही एक घाटच आहे. म्हणून एक विनंती. आज हरिपाठ झाल्यावर तुमची मनातली वही उघडा. आपल्या हिशेबातली एका पैची चूक नाथांसारखी शोधा. दुसऱ्याच्या नावावर लिहिलेले येणे तुकोबांसारखे दोन भागांत वाटा: जे इतरांचे आहे ते जपा, आणि जे फक्त तुमचे आहे ते इंद्रायणीला द्या.

रामकृष्ण हरी.