कौन्सिलांतून उठून जाणें

वैशाखांत महाबळेश्वरीं जाऊन आलेल्या मंडळींस तेथील हवेची, स्ट्रॉबेरीची व सूर्यास्ताची आठवण पुष्कळ दिवस पुरते. पण हें ठिकाण एके काळीं मुंबई सरकारची उन्हाळ्यांतली गादी होतें, आणि तापलेल्या देशावरील कुणब्याच्या जमिनीचा विचार याच गारव्यांत बसून होत असे, हें आमच्यापैकीं फार थोड्यांच्या ध्यानांत असतें. खुद्द हें ठिकाणही देवघेवीनेंच सरकारकडे आलें. १८२९ सालीं साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांकडून तें घेऊन त्यांस वाईकडील खंडाळा गांव देण्यांत आला, आणि नव्या पेठेस गव्हर्नर माल्कम साहेबांचें नांव मिळालें. पुढें दहाच वर्षांनीं महाराजांची गादीही गेली. एका पक्षाजवळ फौज असली म्हणजे देवघेवींतला ‘देव’ कोणता व ‘घेव’ कोणती, हें कागदावरून समजत नाहीं.

मे १९०१ मध्यें याच महाबळेश्वरीं मुंबईच्या कायदेकौन्सिलापुढें जमीनमहसुलाच्या कायद्यांत दुरुस्ती करणारें बिल आलें. १८९६-९७ चा दुष्काळ सरतो न सरतो तोंच १८९९-१९०० चा दुष्काळ पडलेला. रयतेकडे साऱ्याची बाकी तुंबलेली. बिलाचा मुद्दा असा कीं, बाकीपायीं सरकारजमा झालेली जमीन पुन्हां कुणब्यास लावून द्यावी, पण ती दुसऱ्यास विकण्याचा वा गहाण टाकण्याचा हक्क मात्र त्यास असूं नये. हेतु विचाराल तर केवळ परोपकाराचा: कुणबी सावकाराच्या जाळ्यांत सांपडूं नये! आतां सावकारी जाच हा कांहीं सरकारनें कल्पिलेला बागुलबोवा नव्हता. १८७५ त सुप्यास सावकारांचीं खतें जळलीं होतीं, आणि १८७९ त दक्षिणेंतील शेतकऱ्यांसाठीं निराळा कायदाही करावा लागला होता. परंतु भर दुष्काळांत रोख साऱ्याचा तगादा लावणारा कोण, आणि तो चुकविण्यासाठीं कुणबी सावकाराच्या ओटीवर कां चढतो, याचें उत्तर बिलांत नव्हतें.

ऑगस्टांत वादविवाद झाला. फिरोजशहा मेहतांची सूचना एवढीच होती कीं, बिल तहकूब ठेवून त्यावर आणखी मतें मागवावींत. नामदार गोखले या सूचनेच्या बाजूनें बोलले. सरकारी मतांची बेरीज ठरलेली होती. सूचना नापास झाली. तेव्हां मेहता, गोखले, भालचंद्र कृष्ण भाटवडेकर, दाजी आबाजी खरे व गोकुळदास पारेख हे सभागृहांतून उठून गेले. आपण येथें बसून राहिल्यास या कायद्याची दूरान्वयानें कां होईना जबाबदारी आपणांवर येईल, आणि ती आपणांस नको, असा गोखल्यांच्या म्हणण्याचा आशय होता. बिल अर्थातच पास झालें.

मग या बोलण्याचा उपयोग काय झाला? व्यवहारी मनुष्य म्हणेल, कांहीं नाहीं. आम्हांस तसें वाटत नाहीं. सत्तेस जमीन पाहिजे असते, तशी संमतीही पाहिजे असते. निदान संमतीसारखें दिसणारें मौन तरी पाहिजे असतें. पांच रिकाम्या खुर्च्यांनीं तें मौन सरकारास मिळूं दिलें नाहीं.

पण येथें एक अडचण आहे, आणि ती टाळून पुढें जाणें आम्हांस प्रामाणिकपणाचें वाटत नाहीं. हे वक्ते सावकारांचे वकील आहेत, असा आरोप त्या वेळीं झाला. आरोप करणारांचा हेतु कांहींही असो. उठून गेलेल्यांत नांगर धरणारा एकही नव्हता, हें खरेंच आहे. शिवाय हा लेख वाचणाऱ्या कित्येक घरांतील जुन्या पेटाऱ्यांत खोतीचे, इनामाचे, गहाणखतांचे कागद निघतील. आमच्याही घरीं आहेत. कुणब्याच्या हितासाठीं, असें सरकारही म्हणत होतें आणि विरोधकही म्हणत होते. दोघांत निवड करावयाची ती कशावरून? आमच्या मतें, मेहतांच्या त्या साध्या सूचनेवरून. एक पक्ष कुणब्याच्या हितासाठीं त्याचा हक्क काढून घेत होता, आणि तोही घाईनें. दुसरा, थांबा व विचारा, असें म्हणत होता. दुसऱ्याच्या वतीनें बोलणारानें त्याचा शब्द येईपर्यंत दार उघडें ठेवावें, याहून अधिक आम्ही मागत नाहीं.

तो शब्दच न आला तर काय होतें, याचा चटका गोखल्यांस चार वर्षांपूर्वींच बसला होता. १८९७ सालीं ते वेल्बी कमिशनपुढें साक्ष देण्यास विलायतेस गेले असतां पुण्याहून प्लेगबंदोबस्ताच्या जुलमाचीं पत्रें त्यांस गेलीं. सोल्जरांकडून स्त्रियांवर अत्याचार झाल्याची त्यांतली हकीकत त्यांनीं तेथील वृत्तपत्रास सांगितली. परत आल्यावर पुरावा मागण्यांत आला; पुरावा मिळेना. त्यांनीं बिनशर्त माफी मागितली, आणि पत्रें लिहिणारांचीं नांवें मात्र सांगितलीं नाहींत. कित्येकांनीं त्यांस भ्याड म्हटलें. आम्ही म्हणणार नाहीं. जें सिद्ध करितां येत नाहीं तें मागें घेणें, आणि विश्वासानें लिहिणारांस उघड्यावर न आणणें, हीं दोन्हीं कर्तव्यें त्यांनीं एकाच वेळीं केलीं, व दोहोंचा बोजा स्वतःवर घेतला. पण ज्या घरावर अत्याचार झाला असेल, तें घर साक्षीस कसें येणार होतें? अब्रूचें भय, शिपायाचें भय, शेजाऱ्यांच्या जिभेचें भय! माफीचा कागद हाच ‘कांहीं घडलें नाहीं’ याचा पुरावा म्हणून मिरविण्यांत आला, यांतली चूक वक्त्याची नव्हे. १९०१ चे गोखले आंकडे हातीं घेतल्यावांचून बोलत नसत, त्याच्या मुळाशीं ही १८९७ ची जखम असावी असा आमचा तर्क आहे.

लॉर्ड नॉर्थकोटच्या कौन्सिलांतून उठून जाणाराची बाजू घेणें आज सोपें आहे. तें सरकार परक्याचें होतें. कोयनेचें धरण आपल्या सरकारनें बांधलें. त्याच्या पाण्यानें खोऱ्यांतील गांवें बुडालीं तीं १९६० च्या सुमारास, आणि धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाचा महाराष्ट्राचा कायदा झाला तो १९७६ त. मध्यंतरीं त्या विजेवर आमच्या घरांतले दिवे लागत होते. त्या गांवांची गाऱ्हाणीं घेऊन कोणी आमदार विधानसभेंत उभा राहिला, तर आम्ही वर्तमानपत्राचें पान उलटून नाटकांच्या जाहिरातींकडे वळत होतों, हें कबूल केलें पाहिजे.

गेल्या उन्हाळ्यांत आम्ही क्षेत्र महाबळेश्वरीं पंचगंगेच्या देवळांत गेलों होतों. गोमुखांतून पडणाऱ्या पाण्यांत कोयनाही आहे. मंडळी तें बाटल्यांत भरून घेत होती. बाहेर फुटाणे विकणारा एक म्हातारा म्हणाला, “याच नदीखालीं आमचं गांव हाय, साहेब.” पुडीचे पैसे देऊन आम्ही मोटारीकडे निघालों. गांवाचें नांव विचारावयाचें राहून गेलें, हें वाईच्या वाटेवर घाट उतरतांना ध्यानांत आलें.