कच्ची काच

माझ्या खिडकीत एक बरणी आहे. तिच्यात मूठभर काचेचे तुकडे आहेत. बरेचसे पांढरे आणि हिरवे, दोनच निळे. माझी मावसबहीण नोकरीनिमित्त इंग्लंडच्या ईशान्येला, डरहॅम परगण्यात राहते. तिथल्या सीहॅम गावच्या किनाऱ्यावर ओहोटीला वाकून वाकून वेचलेले हे तुकडे तिने गेल्या खेपेला आणून दिले.

सीहॅमला १८५०च्या दशकात जॉन कँडलिश यांनी बाटल्यांचा कारखाना काढला, तो १९२१ साली बंद पडला. कारखाना चालू होता तोवर उरलीसुरली, बिघडलेली काच सरळ समुद्रात लोटत. गोट्यांवर घासून घासून तिची धार गेली. खाऱ्या पाण्याने काचेतला सोडा हळूहळू ओढून घेतला आणि अंगावर साखर धरावी तसा धूसर थर आला. अशी काच व्हायला काही दशके जावी लागतात. आता ती फिरत्या पिंपात रेती घालून काही दिवसांत करतात. करोत बापडे, पण तीच समुद्राची म्हणून विकणे हे खोटे बोलणे आहे.

बहिणीने वेचायची रीत सांगितली. तुकड्यावरून अंगठा फिरवायचा. अजून गुळगुळीत, चकचकीत लागला तर तो कच्चा, परत पाण्यात.

"मग तो कोण नेणार?"

"नेईल कुणीतरी. आपण नसू तेव्हा."

हे तिने इतक्या सहज सांगितले की मी पुढे काही विचारले नाही. पण तेव्हापासून मनातून जात नाही. हाती आलेली वस्तू, पाहणारे कुणी नाही, अडवणारा कायदा आठवत नाही, आणि तरी माणूस ती सोडून देतो. ज्याच्यासाठी सोडतो तो कदाचित अजून जन्मलाही नसेल.

कॅलिफोर्नियात फोर्ट ब्रॅग नावाचे गाव आहे. १९०६ ते १९६७ या काळात गावाचा कचरा समुद्रकाठी टाकला जाई. बाटल्या, घरातली मोडकी यंत्रे, मोटारीसुद्धा. पुढे मोठा कचरा उचलला, काच तेवढी राहिली, आणि किनारा रंगीत खड्यांनी भरला. २००२मध्ये त्याचा एक भाग राज्याच्या उद्यानात गेला. काच नेऊ नका, असे तिथे सांगतात. तरी लोक नेत राहिले आणि किनारा विरळ होत गेला. प्रत्येकाची मूठ लहानच होती. किनारा पुन्हा भरावा म्हणून नवी काच समुद्रात टाकू द्या, अशी मागणीही झाली.

ती वाचून मी थबकले. नवी काच टाकणे आणि कच्चा तुकडा परत टाकणे यात फरक तो काय? बराच विचार केला. नवी बाटली फोडून टाकणारा स्वतःच्या हौसेपायी समुद्राला कामाला लावतो. परत टाकणारा समुद्राच्या चालू कामातून हात काढून घेतो. पण परत टाकणेही दर वेळी बरोबर नाही, असे मला वाटते. ज्याची धार अजून बोट कापेल, तो तुकडा अनवाणी धावणाऱ्या पोराच्या वाटेत ठेवू नये. तो कागदात गुंडाळून कचऱ्यात जावा. तिथे संग्रहाचा विचार नको, उद्याच्या संग्राहकाचाही नको.

काही जण तुकड्यांना तेल लावून ठेवतात, म्हणजे ते कायम ओले दिसतात. मला ते पटत नाही. तो धूसरपणा मिळायला एवढा काळ लागला, तोच झाकायचा?

परवा बरणी ओतून एकेक तुकडा अंगठ्याखालून घातला. एक हिरवा निघाला. कडा गोल, धार कुठेच नाही, पण एक बाजू अजून चकचकीत. बहिणीच्या नजरेतून सुटला असावा. तो पाकिटात घालून पाकिटावर तिचे नाव लिहिले आहे. ती डिसेंबरात येईल, जाताना घेऊन जाईल.