बोल्टचे सहा कोपरे

आज काही खोलायचं नाही. रविवारची सकाळ आहे, चहा झाला आहे, गाडी मधल्या स्टँडवर उभी आहे आणि कालपासून तिचं इंजिन थंड आहे. तिच्या शेजारी एक गोणपाट अंथरा आणि मांडी घालून बसा. हात मोकळे राहू द्या. पान्यांच्या पेटीला इतक्यात हात लावू नका.

माझ्या डोळ्यांपुढे स्प्लेंडर आहे, कारण माझे हात तिच्यावरच शिकले. ती १९९४ मध्ये बाजारात आली, आणि आजही पहाटे दुधाच्या किटल्या अडकवून निघालेली एखादी तरी आमच्या रस्त्यावरून जातेच. तुमची स्कूटर असेल, चारचाकी असेल, तरी हरकत नाही. आपल्याला एकच बोल्ट शोधायचा आहे.

खाली वाका. इंजिनाच्या पोटाशी ऑइल सोडायचा बोल्ट दिसेल. त्याच्या डोक्याला सहा बाजू आणि सहा कोपरे. समोरासमोरच्या दोन बाजूंमधलं अंतर १७ मिलिमीटर. पान्यावर आकडा कोरलेला असतो तो या अंतराचा. आत गेलेल्या आट्यांची जाडी वेगळी, इथे १२. आता एकेका कोपऱ्यावरून बोट फिरवा. कड बोटाला लागते का? की गोलसर, गुळगुळीत झाली आहे? आजवर ज्यांनी ज्यांनी हा बोल्ट खोलला, त्या सगळ्या हातांच्या खुणा या सहा कोपऱ्यांवर आहेत. थोडा वेळ नुसतं बोट तिथे राहू द्या.

पहिल्या नोकरीत असताना मी रस्त्याकडेच्या एका गाडीवरून पान्यांचा संच घेतला होता. लाल डबा, आरशासारखी चकाकी, आणि किंमत इतकी कमी की घासाघीस करायचीही गरज वाटली नाही. त्यातला १७चा दुतोंडी पाना मी याच बोल्टला लावला आणि जोर दिला. पाना तोंड वासल्यासारखा किंचित फाकला आणि निसटला. माझ्या बोटांची सालं निघाली, ती आठवड्यात भरून आली. बोल्टचे कोपरे मात्र भरून आले नाहीत. मी पुन्हा लावला, पुन्हा निसटला. तिसऱ्या वेळेला पकडायला कोपराच उरला नव्हता. शेवटी गल्लीतल्या मेकॅनिक काकांनी छिन्नी लावून तो काढला. बोल्ट बाजूला ठेवून त्यांनी आधी केसिंगमधल्या आट्यांवर टॉर्च मारला. ते ॲल्युमिनियमचे असतात, पोलादी बोल्टपुढे मऊ. ‘आटे वाचले तुझे,’ एवढंच म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, पण त्या दिवसापासून पाना निवडताना मी आधी बोल्टचा विचार करतो. पाना बिघडला तर नवा आणता येतो. त्याने जे बिघडवलेलं असतं ते गाडीच्या अंगावर राहतं.

आता पेटी उघडा आणि एकच पाना बाहेर काढा. कुठलाही चालेल. तो तळहातावर ठेवा आणि डोळे मिटा.

आधी वजन जाणवेल, मग थंडावा. अंगठा दांड्यावरून सावकाश सरकवा. कुठे धार लागते का? दोन साच्यांच्या सांध्याची कड खरखरीत राहिली आहे का? चांगल्या पान्याचा दांडा तळहाताला कुठेच टोचत नाही, कारण घडवणाऱ्याला माहीत असतं की सगळा जोर अखेर हातावरही तितकाच येतो. मुलामा सुटलेला असेल तर लगेच कळेल. सुटलेल्या मुलाम्याचा पापुद्रा पात्यासारखा कापतो, असा पाना ठेवू नये. चकाकीवर मी भरवसा ठेवत नाही. मुलामा गंज थोपवतो, त्याहून जास्त काही करत नाही, आणि खालचं पोलाद कसं आहे ते झाकतोही.

त्या खालच्या पोलादापर्यंत मन नेऊन बघा. पान्यावर ‘क्रोम व्हॅनेडियम’ असं कोरलेलं असतं. क्रोमियममुळे पोलाद आतपर्यंत कडक होऊ शकतं, आणि व्हॅनेडियममुळे त्याचा कण बारीक राहतो, म्हणून ते चिवट होतं. सळई लाल होईपर्यंत तापवतात, साच्यात घालून घणाखाली ठोकतात. त्या ठोक्यांनी धातूचे थर पान्याच्या आकाराबरोबर वळतात, लाकडाच्या रेषा फांदीच्या सांध्यापाशी वळतात तसे. मग लोहार कोयत्याला देतो तसं त्याला पाणी देतात, आणि पुन्हा बेताने तापवून थोडं नरम करतात. फार कडक राहिला तर पाना तडकतो, मऊ राहिला तर फाकतो. माझा तो लाल डब्यातला पाना मऊ होता. तोंड केसभर फाकलं की त्याच्या सपाट कडा बोल्टच्या सपाट बाजूंना टेकत नाहीत, सगळा भार कोपऱ्यांच्या टोकांवर येतो आणि टोकं सोलली जातात. कोरलेली अक्षरं अर्थात कुणीही कोरू शकतो. म्हणून ओळखीच्या दुकानातून, बिल घेऊन खरेदी करावी आणि नावातलं एकेक अक्षर वाचावं. नामांकित कंपनीच्या नावात एखादं अक्षर बदललेले पाने मी स्वतः पाहिले आहेत.

डोळे उघडा. पाना दुतोंडी असेल तर त्याच्या तोंडाकडे बघा. ते दांड्याच्या सरळ रेषेत नाही, एका बाजूला कललेलं आहे, साधारण १५ अंश. मला हा कल फार आवडतो. अडचणीच्या जागी दांडा फिरायला जेमतेम ३० अंश मिळतात आणि सहा बाजूंच्या डोक्यावर तर पुढची पकड ६० अंशांनी येते. अशा वेळी पाना नुसता पालथा करायचा. कल उलटतो, दुप्पट होतो, आणि तोच बोल्ट ३० अंशांवर पुन्हा पकडीत येतो. हातातल्या हातात पाना दोन-तीनदा उलटा-सुलटा करून बघा. ज्या कुणाला हे प्रथम सुचलं, त्याने नक्कीच कुठल्यातरी अडचणीच्या जागी हात घालून तळमळ सोसली असेल.

आणि तरीही, घट्ट बसलेल्या बोल्टला दुतोंडी पाना लावू नये. तो दोनच बाजू धरतो. रिंग पाना चहूकडून धरतो. रिंगच्या आत बघा, बारा खाचा असतील किंवा सहा. बारा खाचांचा पटकन बसतो, ३० अंशांवर पुन्हा धरतो. सहा खाचांचा बोल्टला जास्त मायेने धरतो, गंजलेल्या, घासलेल्या डोक्यासाठी तोच. गोटी पान्याच्या गोट्या घेताना मी सहा खाचांच्याच घेतो, दुकानदार कितीही म्हणाला तरी.

आता मनानेच बाजारात जाऊ. पुण्याची बोहरी आळी, मुंबईची नागदेवी, तुमच्या गावातलं पेठेतलं हार्डवेअरचं दुकान. आत शिरताना खिशात एक नवा, न वापरलेला बोल्ट असू द्या. दुकानदाराने पाना पुढे केला की तो बोल्टवर बसवा आणि हलवा. किती खुळखुळतो? थोडी जागा हवीच, नाहीतर तो चढणारच नाही, पण तुमच्या बोटांना एका क्षणात कळेल की ही जागा बेताची आहे की ढिलाईची. दुकानदार घाईत असेल, मागे गिऱ्हाईक उभं असेल. तरी हलवून बघा. माझ्याकडच्या पकडी टपारियाच्या आहेत. १९६९ मध्ये एका स्वीडिश कंपनीच्या तांत्रिक साहाय्याने या कंपनीचं काम सुरू झालं, आणि नाशिकला सातपूरच्या एमआयडीसीत त्यांचा कारखाना आहे. त्या घ्याच असं माझं म्हणणं नाही. पण हत्यार कुठल्या गावात घडतं ते ठाऊक असलं की मी ते जरा जपून वापरतो.

कुठले आकडे घ्यायचे, हे बत्तीस नगांच्या डब्याला विचारू नका, गाडीला विचारा. तिच्याभोवती एक सावकाश फेरी मारा आणि प्रत्येक बोल्टपाशी थांबा. ८ मिलिमीटर आट्यांच्या बोल्टचं डोकं जपानी वळणाच्या गाडीत बहुतेक १२चं असतं, युरोपीय वळणाच्या गाडीत १३चं. १०च्या बोल्टचं जपानीत १४, युरोपीयात बहुधा १७. म्हणून स्प्लेंडर किंवा मारुती असलेल्या घरात १०, १२, १४, १७ हेच पाने सारखे लागतात, आणि व्हेस्पाच्या वंशातल्या जुन्या चेतकवाल्याला १३ नसला तर चाकही काढता येत नाही. १२च्या डोक्यावर १३चा पाना चढतो, फिरतोसुद्धा, आणि तिथेच घात होतो. फेरी झाली की चार-पाच आकडे हाती लागतील. तेवढेच, पण उत्तम घ्या. पुढचा पाना पुढच्या कामाला.

स्क्रूपाशीही असंच थांबा. फुलीच्या खाचेचे स्क्रू सगळे सारखे दिसतात, पण जपानी पद्धतीच्या फुलीची घडण फिलिप्सच्या फुलीहून जराशी वेगळी असते. डोक्यावर फुलीशेजारी बारीक टिंब दिसलं तर तो जपानी. त्यात साधा स्क्रू ड्रायव्हर तळापर्यंत बसत नाही, वर उचलला जातो आणि खाच चावून टाकतो. आपल्याकडच्या कितीतरी मोटरसायकलींच्या इंजिनावर अशा चावलेल्या फुल्या दिसतात आणि मला दर वेळी वाईट वाटतं, कारण टोकाशी जुळणारा एक स्क्रू ड्रायव्हर आणि सुरुवातीला नीट दिलेला दाब, एवढ्यावर ते टळलं असतं.

दोन गोष्टी इथेच सांगून टाकतो, पोटतिडकीने. बॅटरी सोडवताना आधी ऋण टोक सोडवा. धन टोकावर पाना असताना तो गाडीच्या सांगाड्याला टेकला तर ऋण टोक जोडलेलं असेपर्यंत सगळा प्रवाह त्या पान्यातून धावतो, पाना चटकन भाजतो आणि बोटात अंगठी असेल तर तीही. आणि चारचाकीखाली नुसत्या जॅकच्या भरवशावर कधीही जाऊ नका. ॲक्सल स्टँड हेही हत्यारच आहे, पाने नंतर घेतले तरी चालतील.

आता पुन्हा गोणपाटावर या. छोट्या आकड्याचा एक रिंग पाना घ्या आणि पान्याच्या टोकाशी, बोल्टपासून १५ सेंटिमीटरवर, हात कल्पून बघा. केसिंगचा ६ मिलिमीटरचा छोटा बोल्ट आवळायला साधारण १० न्यूटन-मीटर लागतात, म्हणजे एवढ्या अंतरावर जेमतेम ७ किलोचा भार. दळणाचा डबा उचलताना मनगटाला जेवढा जाणवतो, तेवढाच. छोट्या आकड्याचे पाने आखूड असतात ते उगीच नाही, हाताला आवर घालण्यासाठीच त्यांची लांबी बेतलेली असते. त्यांना पाइप जोडून लांबवणाऱ्याने तो आवर काढून टाकलेला असतो. डोळे मिटून एकदा ते ७ किलो मनगटात आठवा. मग सोडा.

शेवटी १७चा रिंग पाना ऑइलच्या बोल्टवर अलगद बसवा. फिरवायचा नाही. दोन बोटांनी डावीकडे, उजवीकडे हलवून बघा. केसभर हलतो आणि थांबतो, सहाही बाजूंना एकदम टेकून. तो टेकल्याचा बारीक आवाज येतो, इंजिन थंड आणि गल्ली शांत असेल तरच ऐकू येणारा.

पाना काढून घ्या. जुन्या सुती फडक्यावर ऑइलचे दोन थेंब टाका आणि तो पुसा, दांडा, मग तोंड, मग रिंगच्या आतली एकेक खाच. पावसाळा जवळ आलाय, कोकणात असाल तर हवेत मीठही आहे. फडक्यात गुंडाळून पेटीत ठेवा, आकडा वर दिसेल असा.