जस्ताचा त्याग

कुटुंबात एखादे माणूस सर्वांसाठी झिजत असले म्हणजे ‘त्याचा स्वभावच तसा’ असे म्हणून बाकीचे मोकळे होतात. या उद्गारात प्रशंसा किती व सोय किती, हा विचार आम्हांस रसायनशास्त्रातील एका प्रकरणावरून सुचला.

इंग्रज आरमाराच्या लाकडी जहाजांच्या तळास तांब्याचे पत्रे ठोकीत, आणि ते खाऱ्या पाण्याने झिजत. १८२४ साली सर हम्फ्री डेव्ही यांनी उपाय सुचविला, की त्या पत्र्यास जस्ताचा किंवा लोखंडाचा तुकडा जोडावा. जस्त विरघळते, तांबे वाचते. इलेक्ट्रॉन सोडण्याची प्रवृत्ती जस्तात अधिक, हे त्याचे कारण. प्रमाण स्थितीत जस्ताचे विभव उणे ०.७६ व्होल्ट, तांब्याचे अधिक ०.३४, डॅनियलने १८३६ साली रचलेल्या घटात हेच अंतर सुमारे १.१ व्होल्ट भरते. अंतर धन असले की क्रिया आपोआप घडते, असे शास्त्र सांगते. आजही पोलादी जहाजांना असे तुकडे लावतात व त्यांच्या झिजण्यास ‘बलिदान’च म्हणतात!

पण हे बलिदान खरे काय? १७८५ च्या आपल्या नीतिविषयक ग्रंथात कांट म्हणतो की, केवळ स्वाभाविक कलाने केलेल्या सत्कृत्यास नैतिक मोल नाही. कर्तव्यबुद्धीने केलेल्यासच ते आहे. त्या न्यायाने जस्तास शाबासकी नको, आणि मुळातल्या मायाळू माणसासही नको. आम्हांस हा निवाडा कठोर तर वाटतोच, पण त्याची दृष्टीही झिजणाऱ्यावरच खिळलेली दिसते. ‘आपोआप’ हा शब्दच फसवा आहे. विभवांतर क्रियेची दिशा सांगते, वेग सांगत नाही. शिवाय दोन धातू एकमेकांस जोडलेले नसतील तर जस्ताचे इलेक्ट्रॉन तांब्यास पोचणारच नाहीत. कल जस्ताचा खरा. जोड मात्र दुसऱ्याने दिलेली असते. धाकट्यांच्या शिक्षणापायी ज्या वडील बहिणीने आपली शाळा सोडली, तिला ‘मुळातच त्यागी’ म्हणणारे घर ही जोड सोयिस्करपणे विसरते. डॅनियलच्या घटास बाहेरून १.१ व्होल्टांहून अधिक उलट दाब दिला तर विरघळलेले जस्त पुन्हा पट्टीवर बसते. तेवढी तसदी कितीजण घेतात?

डेव्हीच्या तुकड्यांनी तांबे उत्तम राखले. परंतु पाण्यात उतरणारा तांब्याचा विषारी अंश त्यामुळे थांबला, तळाला कवचधारी जीव व शेवाळ चिकटले, आणि जहाजे मंदावली. थोड्याच वर्षांत आरमाराने ते तुकडे काढून टाकले. तांबे स्वतः किंचित झिजत होते, म्हणूनच तळ स्वच्छ राहत होता.