लाउटनचें रान आणि नाबोथाचें वतन

लंडन शहराच्या ईशान्येस एसेक्स परगण्यांत एपिंग नांवाचें एक जुनें रान आहे. सुमारें ६,००० एकरांचें हें रान दक्षिणोत्तर सुमारें १२ मैल पसरलेलें असून लाउटन, हाय बीच, थेडन बॉइझ अशीं गांवें त्याच्या कडेला वसलेलीं आहेत. गेल्या नोव्हेंबर महिन्यांत तेथील एका ख्रिस्ती कुटुंबाच्या घरीं तीन दिवस राहण्याचा योग आम्हांस आला. प्रवासवर्णन लिहावें असा आमचा हेतु नाहीं. त्या रानांत एका झाडाखालीं उभे असतां एक प्रश्न आमच्या मनांत शिरला, तो अद्याप बाहेर निघालेला नाहीं. तो वाचकांपुढें ठेवावा एवढ्यासाठींच हा लेख.

इंग्लंडांतील रान म्हणजे आपल्या मेळघाटासारखें कांहीं असेल अशी कल्पना कोणी करूं नये. तेथें वाघ नाहीं, अस्वल नाहीं. काळसर रंगाचीं हरणें आहेत, तीं माणसाची चाहूल लागतांच धुक्यांत नाहींशीं होतात. पायांखालीं चिकट ओली माती, तिच्यावर बीच नांवाच्या झाडाचीं तांब्याच्या रंगाचीं पानें हातभर साचलेलीं, आणि सर्वत्र ओल्या पाचोळ्याचा वास. रानाबाहेर आलें म्हणजे झुडपांच्या कुंपणांनीं वेढलेलीं नांगरलेलीं शेतें लागतात. थेडन बॉइझच्या लोकांनीं आपल्या रस्त्यांवर रात्रीं दिवे नकोत असें ठरविलें आहे. त्यामुळें संध्याकाळीं तेथून परततांना आम्हांस आपल्याकडील खेड्यांतल्या अंधाराची आठवण झाली, आणि खरें सांगावयाचें तर बरें वाटलें. रानांत कांहीं ठिकाणीं अद्याप गुरें चरतात. त्यांचीं शिंगें लांब असतात, परंतु खिल्लारांच्या शिंगांप्रमाणें वर न जातां गालाकडे वळलेलीं असतात.

पण सर्वांत विलक्षण म्हणजे तेथील झाडें. माणसाच्या डोक्याहून थोडें उंच जाईपर्यंत एकच जाड, गांठाळ बुंधा. आणि तेथून एकाएकीं दहा-बारा मोठ्या फांद्या, मुठींतून बोटें फुटावीं तशा वर गेलेल्या. अशीं हजारों झाडें त्या रानांत आहेत. आमच्या सोबतच्या वृद्ध गृहस्थांनीं सांगितलें कीं, हें निसर्गाचें काम नव्हे, कुऱ्हाडीचें आहे. शेंकडों वर्षें गांवचे लोक ठराविक वर्षांनीं या झाडांच्या फांद्या सरपणासाठीं उतरवीत. डोक्याच्या वर तोडावयाचें, म्हणजे नवे कोंब हरणांच्या व गुरांच्या तोंडीं लागत नाहींत. अशा रीतीनें तोडलेलें झाड मरत नाहीं. उलट न तोडलेल्या झाडाहून तें अधिक वर्षें जगतें. आमच्या कोंकणांतील वाचकांस हें नवें वाटणार नाहीं. राबासाठीं ऐनाचे टहाळ उतरविणारा कुणबी हीच विद्या जाणतो.

लाउटनच्या लोकांचा हा हक्क फार जुना होता. ११ नोव्हेंबरच्या मध्यरात्रीं तो सुरू होई आणि २३ एप्रिलपर्यंत चाले. एलिझाबेथ राणीनें तो दिला अशी दंतकथा आहे. त्या मध्यरात्रीं गांवांतील कोणीतरी पहिला घाव घातलाच पाहिजे, नाहीं तर हक्क बुडेल, अशीहि समजूत होती. असें सांगतात कीं, एका वर्षीं गांवच्या जमीनदारानें सर्व तोड्यांस मेजवानीस बोलाविलें व भरपूर पाजलें, अशासाठीं कीं मध्यरात्र उलटून जावी. परंतु त्यांतील एकजण, टॉमस विलिंगेल, हळूच उठून गेला आणि बारा वाजतां तोडलेली फांदी आणून त्यानें मेजावर ठेविली. गोष्ट खरी असो वा नसो, तो मनुष्य मात्र खरा होता.

आतां जें सांगावयाचें तें लिहितांना आम्हांस संकोच वाटतो. इसवी सन १८६० नंतरच्या दशकांत ह्याच रानांतील हजारांहून अधिक एकर जमीन कुंपण घालून बंद करण्यांत आली. हें करणारे गृहस्थ लाउटनचे जमीनदार होते, आणि तेच त्या मंडळीचे रेक्टर, म्हणजे पाळक, होते. रेव्हरंड जॉन व्हिटेकर मेटलंड हें त्यांचें नांव. रानावरील राजसत्तेचे हक्क रीतसर पैसे भरून विकत घेतले होते, तेव्हां आपण चोरी करीत आहों असें त्यांस वाटलें नसावें. रविवारीं ज्यांना ते प्रभुभोजन देत त्यांच्याच चुलींतील लांकूड सोमवारीं कायद्यानें आपलें झालें, एवढेंच. १८६६ सालीं विलिंगेलच्या घरच्या तरुणांनीं कुंपणाआड जाऊन पूर्वीप्रमाणें फांद्या तोडल्या. त्यांस शिक्षा झाली आणि ते तुरुंगांत गेले. म्हाताऱ्या विलिंगेलनें न्यायालयांत दावा लाविला. कॉमन्स प्रिझर्व्हेशन सोसायटी नांवाची संस्था नुकतीच १८६५ सालीं निघाली होती, तिनें त्यास साह्य केलें. दाव्याचा निकाल लागण्यापूर्वींच, १८७० सालीं, तो मरण पावला.

पुढें लंडन शहराच्या कॉर्पोरेशननें हें काम हातीं घेतलें. तिनें पूर्वीं रानाच्या कडेला एक शेत दफनभूमीसाठीं विकत घेतलें होतें, आणि त्या शेताबरोबर रानांत गुरें चारण्याचा हक्क तिच्याकडे आला होता. मेलेल्यांसाठीं घेतलेल्या जमिनीवर उभें राहून जिवंतांच्या रानासाठीं दावा लढविण्यांत आला! १८७४ सालीं न्यायाधीश सर जॉर्ज जेसेल यांनीं कुंपणें बेकायदा ठरविलीं. १८७८ सालीं पार्लमेंटनें एपिंग रानाचा कायदा केला, आणि ६ मे १८८२ रोजीं व्हिक्टोरिया राणी स्वतः हाय बीच येथें आली व हें रान सर्व लोकांच्या आनंदासाठीं सदैव खुलें राहील असें तिनें जाहीर केलें. पूर्व लंडनच्या कोंदट गल्ल्यांतील मजुरांस झाडाखालीं बसावयास जागा मिळाली. ही मोठीच गोष्ट झाली. ती उणी लेखावी असें आम्हांस वाटत नाहीं. शेजारचें हेनॉल्ट रान १८५१ च्या कायद्यानें मोडलें गेलें आणि त्यांतील बहुतेक झाडें जमीनदोस्त झालीं. एपिंगचीहि तीच गत झाली असती.

परंतु विलिंगेलच्या गांवाला काय मिळालें? नव्या कायद्यानें फांद्या तोडण्याचा हक्क बंद झाला. मोबदला ठरविण्याचें काम सर आर्थर हॉबहाउस यांजकडे आलें. (हे १८७२ ते १८७७ पर्यंत हिंदुस्थानांत व्हाइसरॉयच्या कौन्सिलांत कायद्याचे सभासद होते.) त्यांनीं ७,००० पौंड ठरविले, आणि त्या रकमेंतून १८८४ सालीं गांवांत लॉपिंग हॉल नांवाचें सभागृह उभें राहिलें. आम्हीं तें पाहिलें. एका दारावर फांद्या तोडणाऱ्या माणसांचें चित्र कोरलेलें आहे. हक्क गेला आणि त्याचें चित्र दारावर आलें.

येथें आम्हांस नाबोथाची आठवण झाल्यावांचून राहिली नाहीं. अहाब राजानें प्रारंभीं कांहीं जुलूम केला नव्हता. त्यानें अधिक चांगला मळा देऊं केला, नाहीं तर रोख पैसा देऊं केला. सरकारी मोबदल्यापेक्षां ती बोली वाईट नव्हती. नाबोथ नाहीं म्हणाला, कारण त्याच्या मतें तो मळा त्याचा एकट्याचा नव्हताच. बापांकडून आलेला आणि मुलांकडे जावयाचा होता. मधल्या माणसानें तो विकावा कसा? इझ्राएलाच्या नियमशास्त्रांत शेताचे कोपरे गरिबांसाठीं राखण्याची आज्ञा आहे, तिचाहि रोख हाच आहे. रूथ बवाजाच्या शेतांत सरवा वेचण्यास गेली ती भीक मागावयास गेली नाहीं. धान्याच्या किमतीइतके पैसे बवाजानें तिच्या हातीं ठेवून शेताचें फाटक लाविलें असतें, तर तिची भूक भागली असती. पण त्या गांवांत तिची जागा कोणती राहिली असती?

ह्यावर कोणी म्हणेल, आणि आमच्या सोबतच्या गृहस्थांनींहि म्हटलें, कीं लाउटनमध्यें आतां कोळसाहि कोणी जाळीत नाहीं, मग सरपणाचा हक्क राहिला असता तरी काय उपयोग? आणि शेंकडों तोड्यांच्या सरपणापेक्षां लाखों मजुरांचा मोकळा श्वास अधिक मोलाचा नाहीं काय? हा युक्तिवाद आम्हांस खोडून काढतां आला नाहीं. फक्त एवढेंच दिसतें कीं, थोड्यांनीं त्याग केला असें जेव्हां म्हणतात तेव्हां तो त्याग त्यांनीं स्वतः केला कीं त्यांच्यातर्फे दुसऱ्यांनीं केला, हें विचारण्यास आपण विसरतों. विलिंगेलला विचारलें असतें तर कदाचित् तो रान मजुरांसाठीं खुलें करण्यास तयारहि झाला असता. पण विचारावयास तो उरला नव्हता.

आणि झाडांचें काय झालें तेंहि ऐकण्यासारखें आहे. त्यांच्या रक्षणासाठीं कुऱ्हाड थांबली. पण त्या झाडांना कुऱ्हाडीची संवय होती. न तोडलेल्या फांद्या वाढत वाढत खांबांएवढ्या झाल्या. त्यांच्या भारानें कित्येक जुने बुंधे उभे चिरले. सावली इतकी दाट झाली कीं खालीं गवत अथवा फूल उगवेना. गेल्या कांहीं दशकांत रानाचे रक्षकच पुन्हा फांद्या उतरवूं लागले आहेत, आणि तेंहि मोठ्या जपणुकीनें, कारण इतक्या वर्षांच्या खंडानंतर एकदम तोडलें तर म्हातारें झाड दगावतें. म्हणजे गरिबाच्या हातानें सरपणासाठीं जें फुकट होत होतें तें आतां पगार देऊन करावें लागतें.

ज्या १८७८ सालीं तिकडे रान लोकांस खुलें झालें त्याच सालीं इकडे हिंदुस्थानच्या सरकारनें जंगलाचा कायदा केला आणि राखीव जंगलांतून लोकांचे जुने हक्क काढून घेतले. ठाणें व कुलाबा जिल्ह्यांत राबाच्या टहाळांवरून किती असंतोष झाला हें जुन्या लोकांच्या तोंडीं होतें. जोतीराव फुले यांनींहि ‘शेतकऱ्याचा असूड’ ह्या ग्रंथांत जंगलखात्यानें शेतकऱ्याच्या गुरांचें चरण्याचें रान बंद केलें म्हणून कडक लिहिलें. २००६ सालीं नवा वनहक्क कायदा झाला आणि २००९ सालीं गडचिरोली जिल्ह्यांतील मेंढा (लेखा) गांवास आपल्या जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तेथें मोबदला नव्हे, जंगलच परत मिळालें.

हें सर्व आम्ही दुसऱ्यांविषयीं लिहीत आहों असें वाचकांस वाटूं नये. सहा वर्षांपूर्वीं आमच्या मंडळीच्या आवारांत कडुनिंब व चिंचेचीं झाडें फार ओरबाडलीं जातात म्हणून आम्हींच पंचकमिटीपुढें सूचना आणिली आणि चारी बाजूंनीं कांटेरी तार लावून घेतली. गांवच्या बाया पहांटे वाळक्या काटक्या वेचावयास येत. त्यांत आमच्याच मंडळीच्या दोन विधवा होत्या. पैकीं एकीनें त्यावेळीं आम्हांस विचारलें होतें, “पाळकसाहेब, आम्ही झाड कवा तोडलं? पडलेलंच उचलतो न्हवं?” आम्हीं तिला नाताळांत गोरगरिबांच्या फंडांतून एक घोंगडी दिली. लॉपिंग हॉलच्या दाराशीं उभे असतां ती घोंगडी आमच्या डोळ्यांपुढें आली.

झाडें आतां चांगलीं वाढलीं आहेत, हेंहि कबूल केलें पाहिजे. तार अद्याप तशीच आहे. पुढील महिन्याच्या सभेंत तो विषय घ्यावा असें आम्हीं चिटणिसांस कळविलें आहे, आणि त्या दिवशीं त्या दोघी बायांनाहि बोलावलें आहे. एक येईन म्हणाली. दुसरी म्हणाली कीं आतां तिच्या घरीं गॅस आहे, आणि शिवाय त्या दिवशीं मजुरी बुडेल.