मद्याचा हिशेब

गुरुग्रामच्या एका मद्य कंपनीने मला हिशेब विभागाचं प्रमुखपद देऊ केलं आहे. पगार जवळजवळ दुप्पट. दिल्लीच्या द्वारकेतल्या घराचं कर्ज लवकर फिटेल. मी नागपूरची, बौद्ध. १४ ऑक्टोबर १९५६ ला, बाबासाहेब आंबेडकरांच्या धम्मदीक्षेवेळी, आजोबा दीक्षाभूमीवर होते. तिथे घेतलेल्या बावीस प्रतिज्ञांपैकी एक दारू न पिण्याची. ती मी पाळते. पण दारू विकणाऱ्याचे हिशेब लिहिले तर?

अष्टांगिक मार्गातली सम्यक आजीविका इथे आडवी येते. अंगुत्तर निकायात बुद्धांनी उपासकाला पाच व्यापार वर्ज्य सांगितले: शस्त्रं, जिवंत प्राणी, मांस, मद्य आणि विष. मी बाटली विकणार नाही, फक्त ताळेबंद मांडणार, असं मन समजावत राहतं. मात्र त्या पदाचा बोनस विक्रीवर ठरतो. जास्त लोक जास्त प्यायले, तर माझ्या घराचं कर्ज लवकर फिटणार. हे मला पटत नाही.

पद घ्यावं की नाही, या प्रश्नावर बाबासाहेब आठवतात. त्यांनी १९४७ मध्ये, ज्या काँग्रेसशी आयुष्यभर झगडले तिच्याच सरकारात कायदामंत्रिपद स्वीकारलं. हिंदू कोड बिल रखडलं आणि १९५१ मध्ये राजीनामा दिला. पद कोण देतं यापेक्षा त्या पदावरून काय घडतं, हे त्यांनी पाहिलं, असं मला वाटतं.

अशा कंपनीत राबणाऱ्या धम्मबांधवांना मी दोष देणार नाही. दुसरी मिळकत नसलेल्या घराचा प्रश्न वेगळा असतो. माझ्या हातात आधीच नोकरी आहे. सोमवारी नकार कळवते आहे.