घरी राहिलेल्यांची साधना

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



गीता रणांगणावर सांगितली गेली, हे आपण सगळेच म्हणतो. पण तिची सुरुवात कुठं होते बघा. हस्तिनापूरच्या राजवाड्यात. पोरं लढाईला गेलीत, आंधळा बाप घरी बसलाय आणि संजयाला विचारतोय, तिकडं काय झालं? म्हणजे गीतेतला पहिला प्रश्न घरी राहिलेल्या माणसाचा आहे.

मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आपल्या बेळगावातच. बेळगाव, खानापूर, चंदगड या पट्ट्यात सैन्यात कुणीच नाही असं गाव सापडणं कठीण. आपल्या सत्संगातही जवानांच्या आया, बायका, म्हातारे वडील येतात. आज त्यांच्याशीच बोलायचंय, बाकीच्यांनी ऐकावं.

२०२५ च्या मे महिन्यात ७ तारखेला ऑपरेशन सिंदूरची बातमी आली. १० तारखेला संध्याकाळी गोळीबार थांबला. मोजायला चारच दिवस. पण ज्यांचा पोरगा रजा अर्धी टाकून परत गेला होता, त्यांना विचारा ते किती लांब होते. एक अक्का सांगत होत्या, "महाराज, चार दिवस टीव्ही बंद केला नाही बघा. हातात माळ आणि डोळे पडद्यावर. नातवाला कुणी जेवायला घातलं की नाही, तेबी ठाऊक नाही."

त्या दिवसांत टीव्हीवर आलेल्या कितीतरी बातम्या नंतर खोट्या निघाल्या. लष्करी हालचाली थेट दाखवू नका, असं संरक्षण मंत्रालयालाही वाहिन्यांना सांगावं लागलं. आणि आपण घराघरांत तेच बघत होतो, वर पुढं पाठवत होतो.

बरं, बातमी खरी असती तर मन शांत झालं असतं का? धृतराष्ट्राकडं साक्षात संजय होता. व्यासांनी दिलेली दिव्यदृष्टी! असली वाहिनी आजवर कुणाला मिळाली नाही. सगळं खरंखरं कळत होतं, तरी शांती कणभर नाही. कारण त्याच्या प्रश्नातच फाळणी होती. माझे आणि पांडूचे.

'देवा, माझ्या पोराला सांभाळ' असं आई म्हणणारच. त्यात पाप नाही. पण त्याच्या बंकरमध्ये आणखी चौघं असतात, त्यांच्याही आया कुठंतरी दिवा लावून बसलेल्या असतात. माझ्या एकट्याला सोड, पाच नारळ देते, असा सौदा केला तर गोळी कुणाकडं वळवायची देवानं? कुंतीचं बघा. पाच पोरं इकडं, कर्ण तिकडं. 'माझा वाचू दे' म्हणायला तिला तोंडच नव्हतं.

आणि एक कडू गोष्ट सांगतो. नाम म्हणजे बुलेटप्रूफ जाकीट नव्हे. ज्या घरी तिरंग्यात गुंडाळलेली पेटी आली, त्या घरातल्या आईचा जप कमी पडला, असं कुणी बोललं तर त्याला तिथंच गप्प करा. आपल्या सत्संगातला असला तरी.

मग नाम कशाला? हात कामाला लागावा म्हणून. म्हशीची धार आहे, सासऱ्यांची बीपीची गोळी आहे, गाडीचा हप्ता आहे. माळ बाजूला ठेवून भाकरी थापा आणि थापताना नाम घ्या. भाकरी करपली तर जप कुठंतरी चुकतोय असं समजा.

१९९९ च्या कारगिलच्या वेळी पत्रं चालायची, पत्त्यावर '५६ ए.पी.ओ.' लिहिलेलं. तिकडून आलेला मजकूर हाती पडेपर्यंत शिळा झालेला असायचा, म्हणून उत्तरात काळजी लिहून उपयोग नसे. जुनी माणसं लिहायची, म्हैस व्याली, पाऊस बरा झाला, रताळ्याची लावण उरकली. ते वाचून त्या पोराला घर जागेवर आहे एवढं कळायचं. आज फोन येतो, तोही दोन मिनिटांचा. त्यात 'कुठं हायस, काय चाललंय' असं विचारूच नका. त्याला सांगता येत नाही आणि त्यानं सांगूही नये. रताळ्याचं सांगा. रडू आलं तर रडा, त्याला आईचं रडणं काही नवीन नाही.

सासवांनो, तुम्हाला एक वेगळं सांगायचंय. आईच्या काळजाबद्दल सगळे बोलतात. सून मात्र पदराला हात पुसत कामात असते, तिला कुणी विचारत नाही, आणि तुमच्यासमोर तिला रडताही येत नाही. पुढच्या वेळी फोन वाजला की आधी तिच्या हातात द्या आणि तुम्ही जरा परसात जा.

॥ श्री गुरुदेव दत्त ॥